चुऱ्याचा डबा

माझी बायको भनपुरीच्या बिस्किट फॅक्टरीत पॅकिंगले होती. लग्न झालं, गोंदियाकडचं गाव सोडून आम्ही रायपूरले आलो, गुढियारीत एक खोली घेतली. मी मालधक्क्यावर हमालीले लागलो अन् ती फॅक्टरीत. म्हातारी होईपर्यंत तिनं तेच काम केलं. मागल्या वर्षी ती गेली. मी शिकलेला माणूस नाही, चौथीतच पाटी सुटली. फिरवून-फिरवून लिहिता येत नाही. जे झालं ते सांगतो. कोणाले झोंबलं तर झोंबलं.

फॅक्टरीत बिस्किटं भट्टीतून निघत अन् पट्ट्यावरून चालत येत. पट्ट्याच्या दोन्ही अंगाले बाया उभ्या. तुटकं, जळकं, वाकडं दिसलं की हातानं उचलायचं अन् टोपल्यात टाकायचं. बसायचं नाही. डोक्याले टोपी, हातात बांगडी नाही, नख वाढलेलं चालत नाही. सुपरवायझर रोज बायांचे हात उलटे-पालटे करून पाहे. माझ्या अंगाले सिमेंटचा वास, तिच्या अंगाले बिस्किटाचा. दोघांचाही धुऊन जात नसे.

तुटक्या मालाले चुरा म्हणत. तो चुरा कामावरच्या बायांले घरी न्यायची मुभा होती. त्यात खराब काही नसे, फक्त अख्खं नसे. तिनं तेलाचा एक रिकामा पिपा आणला, टिनवाल्याकडून त्याले झाकण बसवून घेतलं अन् तो आमचा चुऱ्याचा डबा झाला. चुलीवरच्या फळीवर राहे. तिची सकाळची पाळी असली की ती उजाडायच्या आत निघून जाय. मी धक्क्यावर. पोरगी आमची एकच. ती उठे, वाटीत चुरा घेई, त्यावर चहा नाहीतर दूध ओते अन् खाऊन शाळेले पळे. दुपारी भात-भाजी, रात्री भात-भाजी, पण सकाळ मात्र त्या डब्याची. पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, पोट्टीही दारात उभी राहत. "काकी, चुरा दे न ओ!" ही मूठ-मूठ देई अन् वरून दम भरे, "हात धुऊन ये पहिले, काळतोंड्या!"

त्या डब्यावर पोरगी मोठी झाली. बी.एड. केलं तिनं. खासगी शाळेत शिकवते. लग्न झालं, नव्या रायपूरले फ्लॅट आहे, तिले एक पोरगी आहे. नात मले नाना म्हणते. मराठी समजते तिले, पण उत्तर हिंदीतच देते. असू दे.

दोन-तीन वर्षांपासून पोरीचं खाण्यावर लक्ष गेलं होतं. फोनवर पाहे. एक माणूस पांढरा कोट घालून बिस्किटाले माचिस लावे अन् म्हणे, "देखिए, कैसे जल रहा है! यही आप बच्चों को खिला रहे हैं!" तिनं मले दाखवलं. मी म्हणलं, "बाई, भाकरीले माचिस लाव, तेही जळते. लाकूडही जळते, मीही जळीन एक दिवस." ती हसली नाही. दुसरा एक बाबा पांढऱ्या जहरांची नावं सांगे. साखर, मैदा, मीठ, अन् त्यात तांदूळ. छत्तीसगढात बसून तांदूळ जहर म्हणून राहिला होता तो. इथं सकाळी बासी, रातचा पाण्यात भिजवलेला भात, खाऊन माणूस शेतात जाते, संध्याकाळी येऊन पुन्हा भातच खाते. मी म्हणलं, तो बाबा काय खाते ते विचार त्याले. पोरगी म्हणे, "बाबा, तुम्हाले सगळी मजाकच वाटते."

तोवर मजाकच होती. मग माझी बायको बिमार पडली.

आधी भूक गेली. मग पोटात दुखे. तपासणी झाली अन् पोटाचा कॅन्सर निघाला. दवाखाना पोरीच्या घराकडून जवळ होता, म्हणून तिनं आम्हा दोघांले फ्लॅटवर नेलं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पोरीनं आईचं जे केलं ते जीव तोडून केलं. तिनं आईचं सगळं उचललं, सगळं धुतलं, शाळेतून सुट्ट्या घेतल्या, अन् कधी तोंड वाकडं केलं नाही. पुढं मी जे लिहितो ते तिच्या मायेवर बोट ठेवून वाचू नका.

आम्ही गेलो त्याच आठवड्यात तिनं स्वयंपाकघर साफ केलं. टोस्ट, बिस्किट, शेव, पाव, लोणच्याची बरणी, नातीचे कुरकुरे, सगळं एका काळ्या पिशवीत. बायको खुर्चीवर बसून पाहून राहिली होती. तिच्या पिशवीतला बिस्किटाचा पुडाही पोरीनं काढला. बायको म्हणे, "तो राहू दे वं, चहासंगं एक जाते मले."

पोरगी पिशवीले गाठ मारत म्हणाली, "आई, हेच खाऊन-खाऊन तर झालं तुले. जिंदगीभर तू हे जहर हातानं भरलं अन् घरीही आणलं."

ती रागानं नाही बोलली. सरळ बोलली, शाळेत पोराइले धडा सांगते तशी. म्हणूनच ते जास्त आत गेलं. बायको आपले हात पाहत बसली.

संध्याकाळी गच्चीवर आम्ही दोघंच होतो. तिनं मले विचारलं, "काहो, मी पोट्टीले जहर चारलं काय जी?"

मी म्हणलं, "पागल झाली काय?"

"पाऱ्यातल्या लेकरांलेही वाटलं मी."

"अवं, भुकेल्या लेकराले खायले देलं तू. जहर काय त्यात?"

"तुमचं सोडा. तुम्ही माझेच आहा. पोट्टी शिकलेली आहे, ते म्हणते."

त्या दिवसापासून तिले आजाराचं जेवढं नव्हतं तेवढं याचं लागलं. मरणाले ती भीत नव्हती. बुद्धविहारात लहानपणापासून बसलेली बाई, जे आलं ते जाणार हे तिले पाठ होतं. पण पोरीले आपण काय चारलं, याचं उत्तर तिले पोरीच्या तोंडून पाहिजे होतं. बस, एवढंच पाहिजे होतं.

घरात दुधीचा रस सुरू झाला, कारल्याचा रस, कोदो नावाच्या भरड धान्याची पेज. पोरगी पहाटे उठून गाळे. बायको एक घोट घेई अन् ओकून देई. पोरगी फोन पाहून दुसरा रस काढे. दवाखान्यातून अशक्त पेशंटसाठी पावडरचा एक डबा लिहून देला होता, पाण्यात कालवून प्यायची. पोरीनं त्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली, ओठ हलवत-हलवत, अन् तो डबा कपाटावर ठेवला. म्हणे, "यात तर सगळं तेच आहे."

वजन उतरत गेलं. साडीच्या निऱ्या वाढल्या. दवाखान्यात सलाईनमधून औषध द्यायचं होतं, तर डॉक्टरीनबाईनं वजन पाहून ते पुढं ढकललं. म्हणे, अंगात दम नसला तर औषध झेपणार नाही. तिथं जेवणाचं पाहणारी एक मॅडम होती, तिच्याकडं पाठवलं. मॅडम चांगली होती. तिनं विचारलं, "अम्मा, क्या-क्या जाता है पेट में? कुछ भी बताओ. चाय? टोस्ट? बिस्किट?"

पोरगी बाजूले उभी होती. बायकोनं तिच्याकडं पाहिलं अन् म्हणाली, "नहीं मॅडम, बिस्किट-विस्किट नहीं खाती मैं."

जिनं अर्धी जिंदगी पट्ट्यापाशी उभं राहून काढली, ती बाई असं बोलली. जशी दारू पिणारा म्हणते, मी घेत नाही. मले ते ऐकवलं नाही. मी म्हणलं, "मॅडम, झूठ बोल रही है. चाय में बिस्किट डुबा के दो तो एक-दो चला जाता है. बाकी सब उलटी. लेकिन घर में बिस्किट बंद है."

पोरीनं माझ्याकडं असं पाहिलं, जसा मी तिच्या वर्गातला पोट्टा आहे. मॅडम मात्र ओरडली नाही कोणावर. पोरीले बसवलं तिनं. म्हणाली, "दीदी, आपकी मेहनत मैं समझती हूँ. पर अभी अम्मा को वजन चाहिए. जो जाता है, वो दो. बिस्किट जाता है तो बिस्किट, खिचड़ी जाती है तो खिचड़ी. और वो पावडर खोलो, वो इन्हीं के लिए बना है."

"पर मॅडम, वो प्रोसेस्ड है न?" पोरगी म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता.

"दीदी, भूखा रहना उससे ज्यादा नुकसान करेगा."

त्या दिवशी कपाटावरचा डबा खाली आला. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किट आणलं. बायको चहात बुडवे, मऊ झालं की जिभेवर ठेवे अन् डोळे मिटून गिळे. एकदा ते कपात तुटून पडलं, तर चमच्यानं काढत म्हणाली, "भट्टीतून कच्चं निघालं हे. आमच्या पट्ट्यावर असतं तर मी काढून टाकलं असतं." बिमारीत ती हसली, ते तेवढंच.

पुढल्या वेळी डॉक्टरीनबाई आली तेव्हा बायकोनं हिम्मत करून विचारलं, "मॅडम, मेरे को ये बिस्किट खाने से हुआ क्या?"

डॉक्टरीनबाई म्हणाली, "अम्मा, ऐसे एक चीज पर उँगली नहीं रख सकते. ये बीमारी अच्छा-अच्छा खाने वालों को भी होती है. आप अपने को दोष मत दो."

मले वाटलं, झालं, सुटली ही. रिक्शात मी म्हणलं, "ऐकलं ना? आता तरी सोड."

ती बाहेर पाहत होती. म्हणाली, "डॉक्टरीनबाई कोणालेही असंच म्हणन. पेशंटले बरं वाटावं म्हणून. माझी पोट्टी काही म्हणत नाही."

मग मी पोरीजवळ गेलो. ती बाल्कनीत कपडे वाळू घालत होती. म्हणलं, "आईजवळ जा अन् एकदा बोल. म्हण, आई, तू जहर नाही चारलं. दोन शब्द आहेत. तिचा जीव अटकला आहे त्यात."

ती चिमटे लावत राहिली. मग म्हणाली, "खोटं कसं बोलू बाबा?"

"खोटं?"

"मग काहून झालं आईले? तिनं तंबाखू खाल्ला नाही, दारू पाहिली नाही, कोणाचं वाईट केलं नाही. काही तरी तर असंल ना? तुम्ही सांगा, काय होतं?"

मी पोतं उचलणारा माणूस. मी खाली मान घालून आत आलो. मले त्या दिवशी एवढं समजलं की पोरगी फोनवरच्या त्या पांढऱ्या कोटवाल्यावर भाळली नव्हती. तिले आईच्या बिमारीचं कारण पाहिजे होतं. डॉक्टर कारण देत नव्हते, तो देत होता. कारण सापडलं की माणसाले वाटते, आता मी ते घरात येऊ देणार नाही, म्हणजे माझ्या लेकरावर हे येणार नाही. भेव दाखवणारा तेच विकते. त्यानं विकलं अन् पोरीनं घेतलं, पण भोगलं माझ्या बायकोनं.

औषधाच्या काही सलाईन लागल्या. वजन थोडं सावरलं होतं म्हणून लागल्या. तरी ती गेली. बिस्किटानं ती वाचली नाही अन् दुधीच्या रसानंही वाचली नसती. पावसाळ्याच्या शेवटी गेली, दुपारी, पोरीच्या मांडीवर डोकं ठेवून. पोरगी तिच्या कपाळावर हात फिरवत होती, "आई, आई" करत होती. ते सोडून सगळं बोलली.

मी गुढियारीच्या खोलीत परत आलो. मले शुगर आहे. डॉक्टर म्हणते गोड कमी करा, भात कमी करा, फिरा. मी ऐकतो. साखर जास्त खाल्ली तर पाय सुजतात, हे मले माझ्या अंगानं सांगितलं आहे. तुमच्या ताटात भाजी जास्त असू द्या, फळ असू द्या, लेकराले दिवसभर कुरकुरे चारू नका, हे कोण नाही म्हणते? पण 'एवढं खा, एवढं नको' म्हणणं वेगळं अन् 'तू जहर खाल्लं, तू जहर चारलं' म्हणणं वेगळं. पहिल्यानं माणूस सुधरते. दुसऱ्यानं माणूस चहाचा कप हातात धरून चोरावानी इकडंतिकडं पाहते. अन् जुनं सगळं शुद्ध होतं म्हणणाऱ्यांले मी माझं घर सांगतो. माझी माय शुद्धच खाऊ घाले. ज्वारी, आंबाडी, तेही असलं तर. आम्ही पॅकेट पाहिलंच नव्हतं. त्या शुद्धावर माझी लहान बहीण सुकून मेली, काहून की ते पोटभर नव्हतं.

या वर्षी पावसाळा उतरला अन् बायकोचा पहिला स्मृतिदिन आला. आमच्यात त्या दिवशी फोटोसमोर मेणबत्ती लावतात, भंतेजी त्रिशरण-पंचशील देतात, वंदना होते, मग खीर अन् जेवण. गुढियारीच्या खोलीतच करायचं ठरलं. पोरगी सकाळीच आली. येतानी कोदोचा भात, ज्वारीची भाकर, गुळाची खीर, सगळं ठरवूनच आली. मी म्हणलं, "पाऱ्यातल्या लेकरांले तिच्या नावानं बिस्किट वाटू." ती म्हणे, "बाबा, आईच्या नावानं तेच?" मी ते तिथंच सोडलं. फोटोसमोर भांडायचं नव्हतं.

पोरगी पहिल्यापेक्षा वाळली होती. गालाची हाडं निघाली होती. आईसारखी दिसून राहिली होती, ती शेवटाले दिसे तशी. नातीनं मले चहात टोस्ट बुडवतानी पाहिलं अन् धावत येऊन माझं मनगट धरलं. "नाना, मत खाओ! आप भी मर जाओगे!" लेकराचे डोळे खरंच भ्यायले होते. मी टोस्ट खाली ठेवला. काय करता?

वंदना झाली. भंतेजी बोलले, बसले. तेवढ्यात फॅक्टरीतल्या जुन्या बाया आल्या. सगळ्या म्हाताऱ्या, कोणाचा गुडघा गेलेला, कोणाची नजर गेलेली. कोणी बोलावलं नव्हतं, आपसात ठरवून आल्या. प्रत्येकीच्या पदरात बिस्किटाचा पुडा. फुलांच्या जागी त्यांनी ते पुडे फोटोसमोर ठेवले, एकावर एक, सरळ रांगेत, पॅकिंगचा हातच तसा. माझ्या बायकोच्या बाजूले पट्ट्यावर उभी राहणारी जी होती, इथलीच छत्तीसगढी बाई, ती फळीवरचा पिपा पाहून रडायले लागली. "अरे, ये डब्बा अभी तक है!"

पोरीनं पुढं होऊन पुडे उचलायले सुरुवात केली, हळूच, बाजूले ठेवायले. त्या बाईनं तिचा हात धरला.

"का होगे नोनी? काबर उठावत हस?" काय झालं पोरी, काहून उचलतेस, म्हणे.

"कुछ नहीं मौसी, बच्चे हैं यहाँ. ये सब अच्छा नहीं रहता."

बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हव! तोर दाई चुरा खवा-खवा के तोला मास्टरनी बना दिस, अब तैं हमन ला बिस्कुट से डरवाबे?" आईनं चुरा चारून मास्टरीण केलं अन् आता आम्हालेच बिस्किटाचं भेव दाखवते, असं. बाकीच्या बाया हसल्या. पोरगी हसली नाही, पण तिनं हातातला पुडा परत ठेवलाही नाही अन् बाजूलेही नेला नाही.

नात तिच्या ओढणीले धरून उभी होती. सगळ्यांसमोर तिनं विचारलं, मोठ्यानं, लेकरं विचारतात तसं:

"मम्मी, नानी क्या जहर बनाती थी?"

ज्या हातांनी पुडे आणले ते हात तसेच राहिले. मी पोरीच्या तोंडाकडं पाहत होतो. तिनं त्या बायांकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं, मग वर फळीवरच्या पिप्याकडं.

"नहीं बेटा."

"आपने तो बोला था."

"मैंने गलत बोला था. नानी ने किसी को जहर नहीं खिलाया. सुबह-सुबह मेरे को भूख लगती थी न, तो नानी मेरे लिए रख के जाती थी."

"फिर नानी बिस्किट से नहीं मरी?"

"नहीं. नानी को बीमारी हो गई थी. क्यों हुई, मेरे को नहीं मालूम."

तेवढं बोलली अन् खाली बसली, पुडा मांडीत घेऊन. ती छत्तीसगढी बाई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. नातीनं आईच्या मांडीवरच्या पुड्याकडं बोट दाखवलं. मग म्हणाली, "तो मैं एक ले लूँ?"

पोरीनं नाक पुसलं. "पहले खाना. खाने के बाद. और हाथ धो के."

एवढंच झालं. पोरगी काही बदलून गेली नाही. आजही तिच्या घरी मैदा येत नाही, येऊ नये तर नये, तिचं घर आहे. पण नात आता मले चहात टोस्ट बुडवू देते.

आम्ही आत्मा मानत नाही. ती तिथून ऐकून राहिली, तिचा जीव शांत झाला, असं मी कोणाले सांगणार नाही. ती गेली तेव्हा तिनं ऐकलेलं नव्हतं अन् आता ती ऐकणार नाही. याचं मले जे होते ते मी कोणापुढं मांडत नाही. पण तिनं तो सवाल त्या दिवशी गच्चीवर मले विचारला होता. म्हणून जवाब मी ऐकून ठेवला. मी आहे तोवर तो माझ्यापाशी राहील.

स्मृतिदिनाले तेवढं ऐकलं अन् मी उठून खीर वाढायले लागलो.